करडईचं तेल

भुजंग जन्माला आला मेंढरं राखणाऱ्याच्या घरात. खडकवाडीच्या माळावर बापाची साठ-सत्तर मेंढरं होती. बाप लवकर गेला, तेव्हा भुजंग पाच-सहा वर्षांचा असेल. थोरला भाऊ बिरू त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं मेंढरंही सांभाळली आणि धाकट्यालाही सांभाळलं. पण भुजंगाचा जीव कळपात रमेना. कुणाचं कुलूप अडकलं, कुणाच्या कंदिलाची वात वर येईना, की हा तिथं जाऊन बसायचा. लोखंडाच्या वस्तूला त्याचा हात लागला की ती नीट चालायला लागायची. हे बघून गावच्या व्यंकटराव देशमुखांनी त्याला घोड्याच्या चाकरीला ठेवून घेतलं.

व्यंकटरावांना शिकारीचा नाद होता. निजामी अमलाची शेवटची वर्षं होती ती. एकदा पूर्णेहून आगगाडीनं ते हैदराबादला गेले आणि सामान धरायला म्हणून भुजंगाला सोबत नेलं. तिथं बंदुकांच्या एका दुकानात त्यांनी अमेरिकन बनावटीची रायफल घेतली. चाप ओढला की गोळी सुटायची, रिकामं काडतूस आपणच बाहेर उडायचं आणि दुसरं जागेवर येऊन बसायचं. मालकांना ती मुलासारखी आवडली. दुकानातला म्हातारा कारागीर मात्र म्हणाला, "साहब, ये नाजूक चीज है. कौन देखेगा इसको?"

मालकांनी भुजंगाकडं बोट दाखवलं.

मुक्काम चार दिवसांचा होता. चारही दिवस सकाळपासून भुजंग त्या उस्तादाजवळ बसला. आधी काडतुसं काढायची, मग ती बसायची जागा बोटानं चाचपून रिकामी आहे का बघायची, आणि त्यानंतरच बाकीचं काम, हे उस्तादानं त्याच्याकडून शंभरदा करून घेतलं. गजाला चिंधी लावून नळी पुसायची, ती चिंधी पांढरी निघेपर्यंत. आत मागेपुढं सरकणारा लोखंडी बोल्ट असतो, त्याच्या घासणाऱ्या जागांवर तेलाचा नुसता हात फिरवायचा. जास्त तेल घातलं की धूळ धरतं आणि धूळ लोखंड खाते. बाहेरच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं, कारण ते सुकून लाकडावर कवच धरतं.

"अंदर कभी नहीं," उस्ताद म्हणाला. "जवस, करडी, खाने का कोई तेल अंदर नहीं. सूख के गोंद बन जाता. बंदूक तेरे हात में रहती, और चलती नहीं."

आणि शेवटचं सांगितलं की ज्या दिवशी रायफल चालेल त्याच दिवशी ती साफ झाली पाहिजे, मग घरात काहीही असो. निघताना त्यानं बंदुकीच्या तेलाचा एक पत्र्याचा डबा भुजंगाच्या हातात दिला.

पुढं चार वर्षं भुजंगानं यातलं एक अक्षर चुकवलं नाही. देशमुखांच्या ओट्यावर गोणपाट अंथरून तो रायफल उघडून बसला की येणारेजाणारे थबकायचे. बिरूही कळप पाण्यावर सोडून यायचा, काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "आमच्या भुजंग्याचे हात बायमाणसाच्या हातावानी चालतेत." भुजंग वर बघायचा नाही, पण त्याला ते बरं वाटायचं. गावात त्या रायफलीला भुजंगाचीच रायफल म्हणायला लागले होते.

अठ्ठेचाळीस साली पुलीस ॲक्शन झाली. मुलूख हिंदुस्थानात गेला आणि ज्याच्या घरी हत्यार असेल त्यानं ते ठाण्यात जमा करावं असा हुकूम सुटला. जमा करायच्या आदल्या दिवशी भुजंगानं डब्यातलं तेल मेणात कढवलं आणि रायफलीच्या आतबाहेर जाड थर दिला. त्यात डबा जवळजवळ संपला. मालक म्हणाले, "अरे, आठपंधरा दिवसांत परत मिळंल ती." भुजंग म्हणाला, "मिळू द्या की मालक. पर पाऊस चालू हाय."

ठाण्याच्या मालखान्यात सगळ्यांच्या बंदुका सरपणाच्या मोळीसारख्या रचलेल्या त्यानं पाहिल्या. रायफल त्या ढिगावर ठेवताना त्याचा हात मागं राहिला. जमादार किशनराव चांगला माणूस होता. तो म्हणाला, "इथं जागाच न्हाई रे बाबा, मी तरी काय करू?"

आठपंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. मालखान्यावरून दोन पावसाळे गेले. पन्नास सालच्या दिवाळीनंतर पिकाच्या राखणीसाठी म्हणून व्यंकटरावांना नवा परवाना मिळाला आणि रायफल घरी आली. मेणाचा थर कुणीतरी मधल्या काळात पुसून टाकला होता. नळीत गंजाचे ठिपके होते, बोल्ट जागचा हलत नव्हता. भुजंगानं ती दोन दिवस रॉकेलात भिजत ठेवली, चिंध्यांचा ढीग काळा केला. पाचव्या दिवशी बोल्ट पहिल्यासारखा सरकला. त्यावर तेलाचा हात द्यायला त्यानं डबा उघडला, तर डब्यात नुसता वास राहिला होता.

हैदराबादला आता कुणी जात नव्हतं. तो उस्ताद दुकान बंद करून कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शिंप्याच्या यंत्राचं तेल चाललं असतं. बाजारच्या गावी शिंपी होता आणि बाजार चार दिवसांवर होता. भुजंगानं मनाशी ते ठरवूनही टाकलं. पण त्याच संध्याकाळी मालकांनी निरोप धाडला, की डुकरांनी हरभऱ्याचा नास केलाय, उद्या सकाळी ओढ्याला हाका घालायचा, डबे वाजवून डुकरं बाहेर काढायची, रायफल तयार ठेव.

रायफल तयार नाही एवढंच सांगायचं होतं. मालक चिडले नसते. चार दिवसांनी हाका घातला असता. पण गेले पाच दिवस गावातला जो तो विचारत होता, झाली का रं तुझी रायफल, आणि त्या दिवशी सकाळपासून तो सांगत होता, झाली म्हणून. त्याच्या तोंडून नाही निघेना.

तो मागच्या दारानं गेला. मालकीणबाई पार्वतीबाई चुलीपुढं होत्या.

"बाईसाहेब, वाटीभर करडीचं तेल द्या."

"कशाला रे?"

"रायफलीला. आजच्यापुरतं."

त्यांनी दिलं. त्यांना त्यातलं काय कळणार?

दुसऱ्या दिवशी रायफल झकास चालली. मालकांनी तीन गोळ्यांत दोन डुकरं पाडली. भुजंगानं त्याच दिवशी नियमाप्रमाणं नळी साफ केली आणि बोल्टला पुन्हा करडईचंच तेल दिलं, या खेपेला जरा सढळ हातानं. म्हातारा उस्ताद उगाच भेडसावत होता, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग लोकर कातरायचे दिवस आले. बिरू म्हणाला, "आवंदा माझी पाठ धरलीय, तू ये." तीन आठवडे भुजंग कातर घेऊन मेंढरांत बसला. रायफल खुंटीवर टांगलेली. शिंप्याच्या गावचे बाजार एकामागून एक आले आणि गेले. दर वेळी त्याला आठवण झाली ती बाजार उठल्यावर.

जानेवारी सरत आला तेव्हा डुकरं शाळूच्या ज्वारीत शिरली. पुन्हा निरोप आला. सकाळी थंडी अशी, की तोंडातून वाफ निघत होती. भुजंगानं रायफल खुंटीवरून काढली, बाहेरून पुसली, काडतूस नाही हे बघितलं आणि बोल्ट एकदा मागं ओढला. तो हाताला जड लागला. मागून पुढं जातानाही खटकन गेला नाही, रेंगाळत गेला. थंडीनं असेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. बाहेर मालक घोड्यावर बसलेले, हाक्याची माणसं डबे घेऊन जमलेली. त्यानं काडतुसं भरली आणि रायफल मालकांच्या हातात दिली.

बिरू हाक्याला यायचा नव्हता. शाळूशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण धाकटा चाललाय म्हटल्यावर काठी घेऊन तोही निघाला. त्याला ओढ्याच्या तोंडाशी, मालकांच्या डाव्या अंगाला उभं केलं होतं. भुजंग मालकांच्या मागं, काडतुसांची पिशवी घेऊन.

डबे वाजायला लागले. थोड्या वेळानं करंजाच्या जाळीतून एक थोराड डुक्कर बाहेर पडलं. मालकांनी गोळी झाडली. ती त्याच्या मागच्या फऱ्यात लागली. डुक्कर बसलं, उठलं आणि जिकडं माणूस दिसला तिकडं, म्हणजे बिरूकडं, वळलं. मालकांनी पुन्हा चाप ओढला. काही झालं नाही. बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबला होता, नवं काडतूस तोंडाशी तिरकं अडकलेलं. मालक बोल्टची दांडी खेचत होते, "भुजंगा, भुजंगा" म्हणत होते. भुजंगानं पुढं होऊन तळहातानं बोल्टवर ठोसा मारला. तो बसला. मालकांनी गोळी झाडली, डुक्कर जागच्या जागी पडलं. पण तोवर बिरूची मांडी वरपासून गुडघ्यापर्यंत फाटली होती.

मुंडासं सोडून त्यांनी मांडी आवळली. बैलगाडीत घातलं. दवाखाना चार कोसांवर. भुजंग भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. बिरूनं एकदा पाणी मागितलं. एकदा म्हणाला, "तांबडी मेंढी व्यायला झालीय, भिवराला सांग." निम्म्या वाटेवर गाडीवानानं मागं वळून बघितलं आणि बैल थांबवले.

गाडी वाडीत परत आली तेव्हा दुपार कलली होती. बिरूची बायको भिवराबाई अंगणात येऊन उभी राहिली, ती रडली नाही, खाली बसली. आठ वर्षांची कासा आईच्या पदराआडून गाडीकडं बघत होती. पुलीस येईस्तोवर प्रेताला हात लावायचा नाही असं पाटलानं सांगितलं. बायका जमल्या. भुजंगाची बायको कोंडाबाई जावेला धरून बसली.

भुजंग देशमुखांच्या घरी गेला. रायफल ओट्यावर कुणीतरी टेकवून ठेवली होती. त्यानं ती घेतली, गोठ्यात नेली आणि उघडली. बोल्टवर, त्याच्या खाचांत, स्प्रिंगवर पिवळट चिकट थर बसला होता. त्यानं नख लावलं तर नखाखाली मेणासारखा आला. त्याला वास स्वयंपाकघराचा होता.

त्यानं रॉकेल आणलं, चिंध्या आणल्या आणि बसून सगळं स्वच्छ केलं. पांढरी चिंधी निघेपर्यंत. ज्या दिवशी चालेल त्याच दिवशी साफ करायची म्हणून हात आपसूक चालले, की उद्या पुलीस येतील म्हणून, हे त्याला त्या वेळी कळलं नाही. पुढं आयुष्यभर तो स्वतःला हे विचारत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार किशनराव पंचनाम्याला आला. व्यंकटराव रात्रीतून म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. रायफल अडकली एवढंच ते सांगत होते. किशनरावानं नळीत बघितलं, गंजाचे ठिपके दिसले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दोन वर्षं ओलीत पडली व्हती. खराब झाली." मग भुजंगाकडं वळून त्यानं विचारलं, "तू काय म्हणतोस? गंजानंच अडकली ना?"

भुजंग म्हणाला, "व्हय. गंजली व्हती."

किशनरावानं तसं लिहिलं. भुजंगानं अंगठा दिला. मग बिरूला नेलं.

व्यंकटरावांनी रायफल ठाण्यात परत केली ती कायमची. शिकार सोडली, घोडा विकला. भुजंगाला चाकरीवरून कुणी काढलं नाही, पण काम उरलं नाही, म्हणून तो मेंढरांमागं जायला लागला. बिरूचा कळप, बिरूची काठी. घर एकच होतं. भिवराबाई आणि कासा तिथंच राहिल्या. वर्षातून दोनदा किशनराव निरोप धाडायचा आणि भुजंग ठाण्यात जाऊन मालखान्यातली हत्यारं साफ करून यायचा. तिथं शिपाई हसायचे, कारण स्वच्छ झालेली बंदूक हा माणूस पुन्हा उघडायचा, पुन्हा पुसायचा, आणि जायच्या वेळी दारातून माघारी येऊन तिसऱ्यांदा बोल्ट ओढून बघायचा.

एक बदल घरातल्यांच्या ध्यानात आला. भुजंग करडईच्या तेलाला शिवेना. चटणीवर तेल नको, भाजीला फोडणी नको. पोटात जळजळ होते म्हणायचा. बाजारात शेंगदाण्याच्या तेलातली भजी मात्र खायचा. कोंडाबाई त्याच्यासाठी वेगळं कालवण उकडून ठेवायची. पाच-सहा वर्षं हे चाललं.

छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास कोंडाबाई माहेरी गेली होती. मराठवाडा मुंबईच्या राज्यात गेला अशी बोलणी त्या दिवसांत सगळीकडं चालली होती. भिवराबाईनं दिराला भाकरी वाढली, चटणीत खड्डा केला आणि तेलाचा बुधला हातात घेऊन थांबली.

"भावजी, एक इचारू का?"

"इचारा की वैनी."

"तुमची जळजळ ते गेल्यापासूनच कशी? आन् शेंगदाण्याच्या तेलानं कशी न्हाई व्हत?"

भुजंगानं हातातला घास ताटात ठेवला. भिवराबाई बुधला धरून उभीच होती. मग त्यानं सांगितलं. वाटीभर तेल मागितलं तिथपासून गोठ्यातल्या चिंध्यांपर्यंत सगळं, खाली मान घालून, एका सुरात.

शेवटी तिनं विचारलं, "सकाळी हाताला जड लागलं, तव्हा बोलले का न्हाई?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"बंदूक तयार न्हाई म्हणायची."

भिवराबाईनं बुधला फळीवर ठेवला. "एवढ्यासाठी," असं ती म्हणाली, त्याला नाही, कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वाट्याची मेंढरं वेगळी केली, कासाला घेतलं आणि भावाकडं राणीसावरगावला निघून गेली. का गेली ते तिनं गावात कुणाला सांगितलं नाही. कोंडाबाई परत आली आणि रिकामी खोली बघून तिनं नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दोन दिवस चूल पेटवली नाही.

एकदा तोंडातून निघाल्यावर भुजंगाला ते आत ठेववेना. तो ठाण्यात गेला. किशनराव पेन्शनीला आला होता. त्यानं भुजंगाला बाहेर लिंबाखाली नेलं आणि सगळं ऐकून म्हणाला, "ते कागद उर्दूत हायती. कुठल्या गठ्ठ्यात गेले ते आता मला बी सांगता येणार न्हाई. अमल बदलला, दफ्तर बदललं. कुणापुढं मांडतोस हे? घरी जा."

"पर खोटं लिव्हलंय त्याच्यात. माझा अंगठा हाय."

"माझी बी सही हाय भुजंगा," किशनराव म्हणाला. "घरी जा."

मग तो व्यंकटरावांकडं गेला. ते ओट्यावर खाटेवर बसलेले असायचे, डोळ्यांनी अधू झाले होते. पार्वतीबाई दाराशी निवडण घेऊन बसल्या होत्या. भुजंगानं सांगायला सुरुवात केली, तेलाच्या वाटीचं नाव निघालं आणि पार्वतीबाईंचा हात सुपात थांबला. त्या उठून आत गेल्या.

सांगून झालं. व्यंकटराव म्हणाले, "मला वाटायचं, पहिली गोळी मी घाईनं मारली. बिरू कुठं उभा हाय ते नीट बघितलं न्हाई म्हणून झालं. सहा वर्षं मी तेच घिऊन बसलोय."

"मालक, चूक माझी हाय."

"तू रोज हितून जात व्हतास. रोज रामराम करत व्हतास. माझ्याकडं बघून तुला एकदा बी वाटलं न्हाई का सांगावं?" त्यांचा आवाज चढला नाही. मग ते म्हणाले, "आता माझ्यापुढं येत जाऊ नको."

भुजंग पुन्हा त्या ओट्यासमोरून गेला नाही. कळप घेऊन लांबच्या वाटेनं माळावर जायचा. दीड वर्षानं व्यंकटराव वारले, तेव्हा तो लोकांच्या मागं, सगळ्यात शेवटी चालत गेला.

एकोणसाठ साली उन्हाळ्याच्या तोंडाला राणीसावरगावचा एक माणूस निरोप घेऊन आला. कासाचं लग्न ठरलं होतं. भिवराबाईनं सांगून धाडलं होतं, की लग्नाआधी एकदा येऊन जा. भुजंग पहाटे निघाला आणि दुपारच्या सुमाराला तिथं पोचला. भिवराबाई दारात शेळीला पाला घालत होती. तिचे केस पांढरे झाले होते. तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं, बस म्हणाली नाही. तो उंबऱ्याबाहेर बसला.

"मालकांपुढं बोलले म्हणं तुमी. ऐकलं मी."

"व्हय."

"मला बरं न्हाई वाटलं त्यानं. वाटंल वाटलं व्हतं, पर न्हाई वाटलं." ती पाल्याच्या काड्या वेगळ्या करत राहिली. "पोरीच्या मागं बापाच्या जागी कुणी तरी पायजे. माझा भाऊ हाय, पर तो मामा. मामा मामाच्या जागी उभा ऱ्हाईल. चुलता तुमी एकलेच हाव. तुमी या."

"येतो वैनी."

"या. उभं ऱ्हावा. तेवढंच." तिनं शेळीपुढं पाला सारला. "माझ्या दारात जेवायला मात्र बसू नगा. तुमाला वाढायला माझा हात उचलायचा न्हाई."

भुजंग म्हणाला, "बरं."

लग्न लागलं त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून आणि नवं मुंडासं बांधून कासाच्या पाठीशी उभा राहिला. कोंडाबाई बायकांत होती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. कासा चुलत्याच्या पाया पडली. तिला काही सांगितलं होतं की नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. तिनं खाली वाकून डोकं टेकवलं आणि सरळ होताना हळूच विचारलं, "काका, तांबडीच्या वंशाची मेंढरं अजून हायती का तुमच्यात?"

"हायती की. सात हायती."

"एखादी कोकरी धाडा मला."

"धाडतो," भुजंग म्हणाला.

पंगत बसायला लागली तसा तो मांडवाच्या कडेनं बाहेर पडला. कोंडाबाईला त्यानं मागं राहायला सांगितलं होतं. ऊन करकरीत होतं. उपाशीपोटी तो वाडीच्या वाटेला लागला, आणि चालता चालता सातांतली कोणती कोकरी द्यावी याचा विचार करत राहिला.